एल्फिन्स्टनांचा किताब आणि अडगावचे शिवार
आमच्या तेल्हारा तालुक्यातील अडगावच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने भोसले-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि त्यानंतर सोळा दिवसांनी गाविलगडही पडला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. या दोन्ही प्रसंगी वेलस्लीसोबत असलेला चोवीस वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुढे १८०४ ते १८०८ या काळात नागपूरला रेसिडेंट, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी, होता. तो वऱ्हाडात कसा पोहोचला, याचे उत्तर मला त्याच्या घराण्याच्या वारसाहक्कात सापडले.

१५१० साली स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने अलेक्झांडर एल्फिन्स्टनला लॉर्ड केले. तीनच वर्षांनी फ्लॉडनच्या लढाईत राजा आणि हा पहिला लॉर्ड, दोघेही कामी आले. दुसरा लॉर्ड १५४७ मध्ये पिंकीच्या रणात पडला. एवढे होऊनही किताब टिकला, कारण तो वाटला जात नव्हता. आमच्या घराण्यातील देशमुखी वतनात वडीलकीचा मान थोरल्या पातीला असला, तरी उत्पन्नाच्या तक्षिमा, म्हणजे वाटे, सर्व भावांत पडत, आणि त्या तक्षिमांवरून उभी राहिलेली भाऊबंदकी आजोबांच्या बोलण्यातून मी पुष्कळ ऐकली आहे. तिकडे किताब अखंडपणे थोरल्याकडे जाई. धाकट्यांना आपली वाट शोधावी लागे. माउंटस्टुअर्ट अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा होता. त्याचे काका विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर होते, म्हणून १७९६ साली सोळाव्या वर्षीच तो कलकत्त्यास पोहोचला.

धाकट्या शाखांनी स्वतंत्र किताबही मिळवले. त्यांपैकी बाल्मेरिनो या किताबाचा शेवट मला फार अस्वस्थ करतो: सहावा लॉर्ड बाल्मेरिनो, आर्थर एल्फिन्स्टन, गादी गमावलेल्या स्टुअर्ट राजवंशाच्या बाजूने बंडात उतरला, १७४६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला आणि किताब जप्त झाला.

मुंबईतील दोन एल्फिन्स्टनांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. एल्फिन्स्टन कॉलेजला माउंटस्टुअर्टचे नाव आहे. तो १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता, पण लॉर्ड कधीच झाला नाही. २०१८ मध्ये प्रभादेवी झालेल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव मात्र त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड, याच्यावरून होते. वडील वारल्यामुळे जॉनकडे किताब सहाव्या वर्षीच आला, आणि १८५३ ते १८६० तोही मुंबईचा गव्हर्नर होता. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाल्यानंतर स्कॉटिश लॉर्डांपैकी निवडून आलेल्या सोळा जणांनाच लंडनच्या वरिष्ठ सभागृहात जागा मिळत असे, त्यामुळे निव्वळ जुन्या किताबावर तेथे बसता येत नव्हते. १८५९ साली जॉनला युनायटेड किंग्डमचा बॅरन हा वेगळा किताब देण्यात आला. पण तो निपुत्रिक होता आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासोबत तो नवा किताब संपला.

१५१० चा किताब मात्र चुलतभावाकडे गेला. तोही १८६१ च्या जानेवारीत वारला, तेव्हा वंशवेल मागे नेऊन वारस शोधावा लागला. पंधरावा लॉर्ड ठरलेला विल्यम हा त्याच विल्यम फुलर्टनचा नातू होता, ज्यांच्या कंपनीतील वजनामुळे अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा हिंदुस्थानात आणि पुढे आमच्या वऱ्हाडात आला होता.