थर्सो ते डर्नेस: स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर
पतींच्या नोकरीमुळे आम्ही दोघे स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरील थर्सो या गावी राहायला आलो, तेव्हापासून आमच्या बहुतेक सुट्ट्या याच किनाऱ्यावर गेल्या आहेत. येथून जाणारा नॉर्थ कोस्ट 500 हा आठशेहून अधिक किलोमीटरचा पर्यटनमार्ग 2015 पासून प्रसिद्ध झाला. त्यावरून येणारे बरेचसे प्रवासी हा उत्तरेकडचा भाग एका दिवसात गाडीतूनच पार करतात आणि प्रत्येक थांब्यावर एक छायाचित्र घेऊन पुढे निघतात. येथे राहून आमचे मत असे झाले आहे की या किनाऱ्यावरचा दिवस किलोमीटर मोजून आखू नये. तो वाऱ्याची दिशा आणि भरती-ओहोटीची वेळ पाहून आखावा, आणि एका दिवसात दोनहून अधिक ठिकाणे घेऊ नयेत.

पूर्वेकडून सुरुवात करावी. ईशान्य टोकावरील जॉन ओ'ग्रोट्स या गावाचे नाव सर्वांना ठाऊक असते, परंतु खरे दृश्य तेथून थोडे पुढे, डंकन्सबी हेड येथे आहे. 1924 च्या दीपगृहापाशी गाडी लावून गवताळ माळावरून दक्षिणेकडे साधारण वीस मिनिटे चालत गेले की समुद्रातून वर आलेले टोकदार, प्रचंड खडकस्तंभ दिसू लागतात. वाटेत कड्याला उभी चीर पडून समुद्र थेट आत शिरलेल्या अरुंद घळी लागतात. त्यांना येथे 'जिओ' म्हणतात. मे ते जुलैच्या मध्यापर्यंत या घळींच्या भिंतींवर समुद्रपक्ष्यांची इतकी दाटी असते की त्यांचा कलकलाट दुरूनच ऐकू येतो. मात्र हा कडा पूर्वाभिमुख आहे, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. येथे वारा बहुधा पश्चिमेकडचा असतो, म्हणजे तो पाठीमागून येऊन माणसाला कड्याच्या दिशेने ढकलतो. जोराचा पश्चिम वारा असेल त्या दिवशी आम्ही कुंपणापासून चांगलेच आत राहून चालतो, आणि झोत फार वाढले तर दीपगृहापासूनच परत फिरतो. गवताची कड पुष्कळदा खालून पोकळ झालेली असते, त्यामुळे वारा नसतानाही अगदी टोकाशी उभे राहू नये.

ब्रिटनच्या मुख्य भूमीचे सर्वांत उत्तरेकडचे टोक जॉन ओ'ग्रोट्स नव्हे, तर डनेट हेड आहे. रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी 1831 मध्ये बांधलेले दीपगृह तेथे कड्याच्या माथ्यावर उभे आहे, आणि समोर पेंटलंड फर्थ ही सामुद्रधुनी व तिच्यापलीकडे ऑर्कनी बेटे दिसतात. अटलांटिक आणि उत्तर समुद्र यांचे पाणी या चिंचोळ्या वाटेने दिवसातून चार वेळा दिशा बदलत वाहते, आणि ब्रिटनमधील सर्वांत वेगवान भरतीप्रवाहांत त्याची गणना होते. प्रवाह पश्चिमेकडे जात असेल आणि त्याच वेळी पश्चिमेकडून मोठ्या लाटा येत असतील, तर जवळच्या सेंट जॉन्स पॉइंटसमोर पांढऱ्या, उसळत्या पाण्याचा पट्टा तयार होतो. 'मेरी मेन ऑफ मे' या नावाने तो ओळखला जातो. म्हणूनच येथे येण्यापूर्वी भरतीप्रवाहाचे वेळापत्रक पाहावे असे मी आग्रहाने सांगते, कारण तीच जागा चुकीच्या तासाला गेल्यास अगदी सपाट आणि शांत दिसते.

माझ्या पतींना खडकांचे वेड असल्यामुळे आम्ही या भागात डोळे खाली लावून चालायलाही शिकलो. कोकणातल्या ओबडधोबड जांभ्याची सवय असलेल्या नजरेला येथील थर वहीच्या पानांसारखे भासतात. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी येथे एक विस्तीर्ण सरोवर होते, त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचे हे फरशीसारखे दगड आहेत, आणि त्यांत प्राचीन माशांचे जीवाश्म सापडतात. कॅसलटाउनच्या आसपास शेतांची कुंपणेसुद्धा उभ्या पुरलेल्या फरश्यांची आहेत.

थर्सोच्या पश्चिमेस प्रथम डाउनरेचे बंद झालेले अणुकेंद्र लागते. पुढे स्ट्रॅथी पॉइंट येथे 1958 चे दीपगृह आहे. स्कॉटलंडमध्ये सुरुवातीपासून विजेवर चालावे म्हणून बांधलेले ते पहिले. 2012 मध्ये त्याचा दिवा बंद झाला, पण तेथवरची पायवाट गर्दीपासून दूर आहे आणि आमची विशेष आवडती आहे.

बेटीहिल येथे मात्र तासभर राखून ठेवावा. स्ट्रॅथनेव्हर या खोऱ्यातून 1814 आणि 1819 मध्ये जमीनदारांनी मेंढपाळीसाठी शेतकरी कुटुंबांना घरांतून हुसकावून लावले, त्यांची घरे जाळली, आणि त्यांतील अनेकांना या वाऱ्याच्या किनाऱ्यावर तुकड्या-तुकड्यांच्या जमिनी दिल्या. जुन्या चर्चमधील स्ट्रॅथनेव्हर संग्रहालयात हा इतिहास मांडलेला आहे, आणि बाहेर दफनभूमीत कोरीव काम केलेली, 'फार स्टोन' नावाची प्राचीन शिला उभी आहे. हा किनारा निर्जन का दिसतो, याचे उत्तर निसर्गात जितके आहे तितकेच या इतिहासातही आहे, आणि ते जाणून घेतल्यावर वाटेत दिसणाऱ्या पडक्या दगडी भिंतींकडे केवळ सुंदर दृश्य म्हणून पाहवत नाही.

पुढे टंगच्या खाडीवरील 1971 चा पूल ओलांडल्यावर रस्ता लॉक एरिबॉल या खोल खाडीला पूर्ण वळसा घालतो. 1945 च्या मे महिन्यात जर्मन पाणबुड्या येथे शरण आल्या होत्या. त्यानंतर डर्नेसजवळ दगडाची जातच बदलते आणि चुनखडक लागतो. त्यातच स्मू गुहा आहे. तिचे रुंद तोंड समुद्राने कोरले, तर आतली दालने ओढ्याच्या गोड्या पाण्याने. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दालनातील धबधबा जोरात असतो, परंतु त्याच दिवशी आत नेणारी होडी बंद असण्याची शक्यता असते.

ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या वायव्य टोकाला, म्हणजे केप रॅथला जायचे असल्यास एक दिवस हाताशी जास्त ठेवावा. खाडी ओलांडण्यासाठी फक्त प्रवाशांची छोटी होडी असते, पलीकडे सुमारे 18 किलोमीटर खडबडीत रस्त्याने मिनीबस दीपगृहापर्यंत नेते, आणि हे सारे साधारण मे ते सप्टेंबर या काळातच चालते. शिवाय तो प्रदेश लष्करी सरावाचा असल्यामुळे गोळीबाराच्या दिवशी रस्ता बंद असतो. निघण्यापूर्वी चौकशी करणे अनिवार्य आहे.

थर्सो ते डर्नेस हे अंतर सुमारे 120 किलोमीटर असले तरी त्याला अडीच तास धरावेत, कारण पश्चिमेकडे बराचसा रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे, पण त्यावर वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते. समोरून गाडी आली की जवळच्या पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे वाट देण्यासाठी रस्ता रुंद केलेल्या जागेत, थांबावे. ती जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबावे, आणि मागे गाडी अडकली असेल तर तिलाही पुढे जाऊ द्यावे. दृश्य पाहण्यासाठी या जागांवर गाडी लावू नये, कारण रुग्णवाहिका आणि शाळेची बसही याच रस्त्यावरून जाते. वाऱ्याच्या दिवशी गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून उभी करावी आणि दार हाताने घट्ट धरून उघडावे. पेट्रोल थर्सोला पूर्ण भरून घ्यावे. मोबाइलला अनेक ठिकाणी संपर्क मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा. किनाऱ्यावर कोणी संकटात दिसल्यास 999 वर फोन करून तटरक्षक दल मागावे.

गाडी नसणाऱ्यांनाही पूर्वेकडचा भाग पाहता येतो, कारण इनव्हरनेसहून थर्सोपर्यंत रेल्वे आहे आणि तिला सुमारे चार तास लागतात. जूनमध्ये प्रकाश रात्री उशिरापर्यंत रेंगाळतो, परंतु वारा नसलेल्या संध्याकाळी मिजेस नावाचे बारीक चावरे कीटक त्रास देतात. डोक्यावरची जाळी जवळ असू द्यावी. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि त्या काळात आम्ही एका दिवसाला एकच ठिकाण ठरवतो. ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत, त्यांनी केप रॅथ सोडून द्यावे, थर्सोत मुक्काम करावा, पहिला दिवस डंकन्सबी व डनेटला द्यावा आणि दुसऱ्या दिवशी बेटीहिलपर्यंतच जाऊन परतावे.