काचेच्या फायबरवर एका अणूच्या जाडीचा थर

फायबर ग्रेटिंगवर (प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूत ठरावीक अंतराने लिहिलेल्या रेघांवर) टू-डी मटेरियल, म्हणजे ग्राफीनसारखं जेमतेम एखाद्या अणूच्या जाडीचं काही, लावलं की सेन्सर एकदम सेन्सिटिव्ह होतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण तो नक्की कशामुळे होतो हे फार कमी लोक नीट सांगतात, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आधी ग्रेटिंग. १९७८ मध्ये कॅनडात केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मेनियम मिसळलेल्या फायबरमधून आर्गन लेसरचा प्रकाश सोडला, तर परत येणारा प्रकाश हळूहळू वाढतच गेला. प्रकाशानेच काचेचा अपवर्तनांक कायमचा बदलला होता! मग १९८९ मध्ये मेल्ट्झ आणि मंडळींनी बाजूने अतिनील किरण टाकून हवं तसं ग्रेटिंग लिहून दाखवलं आणि तिथून खरी गाडी सुटली. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश परत पाठवायचा तर कोअरमध्ये, म्हणजे फायबरच्या मधल्या गाभ्यात, साधारण दर ५३५ नॅनोमीटरवर एक रेघ अशी रचना लागते, फायबर ताणलं किंवा तापलं की हे अंतर आणि अपवर्तनांक दोन्ही बदलतात आणि परत येणारी तरंगलांबी सरकते.

पण इथेच घोळ आहे. प्रकाश असतो कोअरमध्ये, आणि बाहेरच्या द्रवात किंवा हवेत काय चाललंय याचा त्याला पत्ताच नसतो, कारण मध्ये क्लॅडिंगची, म्हणजे कोअरभोवतीच्या काचेच्या आवरणाची, जाड भिंत आहे. म्हणून कुणी क्लॅडिंग ॲसिडने खरवडून पातळ करतं, कुणी ग्रेटिंग तिरकं लिहितं, कुणी लाँग पीरियड ग्रेटिंग घेतं ज्याच्या रेघांमधलं अंतर शेकडो मायक्रॉन असतं आणि जे प्रकाशाला कोअरमधून क्लॅडिंगमध्ये ढकलतं. एकदा प्रकाश पृष्ठभागापर्यंत आला की त्याची एक शेपटी बाहेर डोकावते, फार तर एखाद्या तरंगलांबीइतकी, आणि सगळं सेन्सिंग होतं ते तेवढ्याच जागेत.

आता ग्राफीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकेरी थर. जाडी जेमतेम ०.३४ नॅनोमीटर, तरी समोरून पडणाऱ्या प्रकाशातला २.३ टक्के शोषतं. माझ्या मते त्याचं मोठं काम मात्र वेगळंच आहे, ते रेणूंना नेमकं त्या शेपटीच्या जागेत धरून ठेवतं. डीएनएचे एकेरी धागे, रंगद्रव्यं, असे बरेच रेणू त्याला आपणहून चिकटतात. म्हणजे प्रकाश बाहेर आणायचं काम ग्रेटिंगचं, रेणू गोळा करायचं काम थराचं, एकातही कमी पडलं की दुसऱ्याचा काही उपयोग नाही.

आणि हा थर बसवणं हेच खरं कसबाचं काम! तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेल्या ग्राफीनवर पॉलिमर लावतात, तांबं विरघळवतात, मग पाण्यावर एक जवळजवळ न दिसणारा पापुद्रा तरंगत राहतो, आणि तो १२५ मायक्रॉनच्या गोल फायबरभोवती गुंडाळायचा, सुरकुती न पडता, न फाटता. सपाट चिपवर हे जमतं, गोलाईवर भल्याभल्यांना घाम फुटतो. ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन) त्या मानाने सोपं, द्रावणात बुडवून वाळवलं की झालं, पण वाळताना कुठे जाड कुठे पातळ बसतं आणि मग दोन सेन्सर सारखे म्हणून निघत नाहीत.

म्हणूनच नुसत्या सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही. स्पेक्ट्रममधला डिप, म्हणजे प्रकाश कमी होतो ती खाच, रुंद असेल तर तो थोडासा सरकलेला कळणार कसा? आणि साधं ब्रॅग ग्रेटिंग (प्रकाश परत पाठवणारं, वर सांगितलेलं) तापमानाच्या एका अंशाला सुमारे १० पिकोमीटर सरकतं, रेणूंचा सिग्नल कित्येकदा तेवढाच किंवा त्याहून कमी असतो, त्यामुळे शेजारी थर न लावलेलं, बाहेरच्या रसायनापासून झाकलेलं दुसरं ग्रेटिंग ठेवून तापमानाचा भाग वजा करावाच लागतो. तरी ओलावा उरतोच. ग्राफीन ऑक्साइड पाणी पटकन ओढून घेतं, म्हणून आर्द्रता मोजायला ते मस्त चालतं, पण त्याच थराने अमोनिया मोजायचा असेल तर आधी हवेतल्या ओलाव्याचा हिशोब लावावा लागतो.