छातीची गोळी आणि पिशवीतली गाठ

चिठ्ठीवर एवढंच : 'फायब्रॉइड वाढलाय. सोनोग्राफी करणे.' वय नाही, चालू औषधं नाहीत. रेडिऑलॉजिस्टला सगळं पडद्यावरच दिसतं, अशी आमच्या गावातल्या डॉक्टरांची ठाम समजूत आहे.

काकू साठीच्या, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक आटतं आणि फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतली साधी गाठ, सहसा आक्रसत जातो. यांचा जुन्या रिपोर्टातला 3 सेंटिमीटरचा आता साडेपाचाचा झाला होता. या वयात वाढणारी गाठ म्हटली की सार्कोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरची, शंका येतेच, आणि सोनोग्राफी त्याचा छातीठोक निकाल देत नाही.

आतून प्रोब लावला. गर्भाशयाचं अस्तर 18 मिलिमीटर जाड भरलं. चित्र मोठं करून पाहिलं तर घावनासारखी बारीक बारीक भोकं, त्यातली बरीचशी अस्तरात नाहीत, त्याच्या खालच्या थरात! घाईत मोजणारा हे सगळंच अस्तर म्हणून मोजतो. पिशवीत सलाईन सोडल्यावर मधोमध देठाचा पॉलिप, म्हणजे अस्तराला फुटलेला कोंब, तरंगताना दिसला; रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरवर देठातून जाणारी एकच रक्तवाहिनी. हे कुठल्या गोळीचं काम, याची आता शंका राहिली नव्हती.

"काकू, छातीचं ऑपरेशन झालंय?"

"झालंय की. गोळी चालू आहे. पण ते छातीचं, याचा काय संबंध?"

टॅमॉक्सिफेन, स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी, रोज 20 मिलिग्रॅम. स्तनात ते इस्ट्रोजेनची वाट अडवतं, गर्भाशयात मात्र स्वतःच इस्ट्रोजेनसारखं वागतं. अस्तर जाडावतं, पॉलिप होतात, फायब्रॉइड वाढू शकतो. पाळी गेलेल्या बायकांत क्वचित अस्तराचा कॅन्सरही. मधूनमधून अंगावर लाल जातंय, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. "पिशवी काढून टाकू" एवढं मात्र सांगून झालं होतं. आपल्याकडे पिशवी काढणं फार सोपं करून ठेवलंय.

दुर्बिणीतून पॉलिप काढला, तपासणीत साधा निघाला. फायब्रॉइडच्या एमआरआयमध्ये संशयास्पद काही नाही, पण नजर ठेवावीच लागणार. ऑन्कॉलॉजिस्टनी, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनी, टॅमॉक्सिफेन बंद करून लेट्रोझोल दिलं. ते मुळात इस्ट्रोजेन तयार होणंच रोखतं, त्यामुळे अस्तराला तो त्रास नाही. हाडं मात्र सांभाळायची.

"मग इतकी वर्षं चुकीचीच गोळी खाल्ली का मी?"

नाही म्हटलं. छातीचा आजार उलटू नये म्हणून तीच हवी होती, फक्त लाल दिसलं तर त्याच दिवशी या, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. परवा फॉलोअपला आल्या तर लेट्रोझोल सुरूच केलेलं नव्हतं : "आता हिचं काय निघेल कोण जाणे." ऑन्कॉलॉजिस्टना मीच फोन करून कळवलं. पुढची सोनोग्राफी तीन महिन्यांनी, आणि गोळीच घेतली नाही तर मी नेमकं काय मोजणार आहे?