शब्द पाठ होतात, पण वापरता येत नाहीत

इंग्रजी शिकताना मी पहिली दोन वर्षे एका वहीत डावीकडे शब्द आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ लिहीत असे. वही भरली, परंतु बोलताना त्यातला एकही शब्द वेळेवर आठवत नसे, आणि आठवला तरी भलत्याच ठिकाणी बसत असे. मुसळधार पावसाला मी बिनदिक्कत ‘स्ट्राँग रेन’ म्हणत होतो; वाऱ्याला ‘स्ट्राँग’ चालते, पावसाला मात्र ‘हेवी’ लागते, हे अर्थाच्या रकान्यातून कळणे शक्यच नव्हते. तेव्हापासून मी सुटा शब्द न लिहिता त्याच्या सोबत्यासह आणि स्वतः रचलेल्या एका वाक्यासह लिहू लागलो.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून 1885 मध्ये दाखवले, की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून नवा शब्द मी दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा पाहतो. अर्थ झाकून आठवण्याचा प्रयत्न करतो, कारण नुसते वाचून ‘हे येते’ असा गोड गैरसमज होतो.

मुळांचाही उपयोग होतो. लॅटिनमधील पाहणे या अर्थाचे ‘स्पेक्ट’ ओळखीचे झाले, की ‘इन्स्पेक्ट’, ‘स्पेक्टेटर’, ‘प्रॉस्पेक्ट’ एकाच कुटुंबातले वाटू लागतात. अर्थात ‘रिस्पेक्ट’मध्ये पाहणे शोधताना मला बराच वेळ डोके खाजवावे लागले होते.