तुम्ही विचारलंत म्हणून : बाळामुळे सुटली ना सिगरेट?

हा प्रश्न मला चारचौघांत कुणी विचारत नाही. लिफ्टपाशी, पार्किंगमध्ये, नाहीतर रात्री अकरानंतर मेसेजवर येतो, तोही अर्धाच. "ताई, एक विचारू का? कुणाला सांगू नका हं." पुढे ती थांबते आणि मला कळतं. तिला सातवा-आठवा आठवडा चालू असतो आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात लायटर असतो. मग येतं, "तुमची तर बाळामुळे सुटली ना? आपोआप?"

इतकी वर्षं मी "हो गं, सुटते" असं सांगत आले. तिला तेवढाच धीर, आणि माझीही लाज झाकली जायची. पण ते खरं नाही. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

मी हिंजवडीत टेस्टिंगच्या टीममध्ये होते. पहिली सिगरेट २००८ साली, एका रिलीजच्या रात्री. मग गेटासमोरची टपरी आलीच. चहा, क्रीमरोल, दोरीला बांधलेला लायटर. तिथे साहेब आणि नवा पोरगा एका रांगेत उभे असायचे आणि निम्मे निर्णय मीटिंगच्या आधी तिथेच व्हायचे. दिवसाला सात-आठ व्हायच्या. नवऱ्याला माहीत होतं, तोही ओढायचा. माहेरी-सासरी कुणाला पत्ता नव्हता. घरी निघताना तोंडात बडीशेप आणि ओढणीवर डिओ, हे दहा वर्षं चाललं.

मार्च २०१७ मध्ये दोन रेघा दिसल्या. त्यानंतर मी पहिलं काय केलं असेल? जिना उतरून खाली गेले आणि एक ओढली. शेवटची म्हणून. अशा 'शेवटच्या' पुढे बऱ्याच झाल्या.

दवाखान्यात फाईल बनवताना सिस्टर विचारत होत्या. बीपी? थायरॉइड? घरात कुणाला मधुमेह? 'व्यसन' या रकान्याशी आल्यावर त्यांनी मान वर न करताच 'नाही' लिहिलं आणि वजनकाट्याकडे बोट दाखवलं. मी गप्प बसले. त्या एका 'नाही'आड मी पुढचे सहा-सात आठवडे लपून काढले. त्यांचा अंदाज तसा चुकीचा म्हणता येणार नाही. २०१६-१७ ची ग्लोबल अडल्ट टोबॅको सर्व्हे ही पाहणी सांगते की महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या बायका जेमतेम १.४ टक्के आहेत. पण त्याच पाहणीत तंबाखू या ना त्या रूपात घेणाऱ्या बायका १७ टक्के आहेत. म्हणजे सहांत एक! मिशरीवाल्या, तंबाखू मळणाऱ्या, सगळ्या त्याच रकान्यात 'नाही' होऊन पुढे सरकत असणार.

सुरुवातीला उलट्यांनी मदत केली, हे कबूल करते. धुराच्या वासानेच ढवळून यायचं. मी चार-पाचवर आले आणि मला वाटलं, झालं, सुटली. अकराव्या आठवड्यात उलट्या थांबल्या आणि तलफ परत आली, आधीपेक्षा जोरात. तेव्हा वाटलं, माझाच निश्चय पोकळ. पुढे डॉक्टरबाईंकडून कळलं की गरोदरपणात शरीर निकोटीन नेहमीपेक्षा लवकर संपवतं. एरवी दोन तासांत निम्मं उतरतं, या दिवसांत त्याहून लवकर. म्हणजे मन कच्चं असो-नसो, रक्तच आधी रिकामं होतं. हे कुणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर मी स्वतःला इतकं टाकून बोलले नसते.

मैत्रिणींचे सल्ले तर विचारू नका. "एकदम सोडू नको, बाळाला झटका बसेल." "दोन चालतात." "लाइट घे." या तिन्हींवर मी मनापासून विश्वास ठेवला, कारण तिन्ही माझ्या सोयीचे होते. एकदम सोडल्याने बाळाला काही होत नाही. होतं ते ओढल्याने. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो आणि बाळाच्या रक्तात तो आईपेक्षा थोडा जास्तच साठतो. निकोटीन वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं. बाळाला श्वास आपला आणि जेवणही आपलंच, त्यामुळे दोन्हीकडून कात्री लागते. लाइट सिगरेट माणूस खोल ओढतो, हे तर मला स्वतःच्या अनुभवावरून माहीत असायला हवं होतं.

याच सुमारास सासूबाई कराडहून आल्या. टिश्यूपेपर शोधताना त्यांच्या हाती माझा लायटर लागला. मी धरणी दुभंगायची वाट बघत उभी. त्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि विचारलं, "किती?"

"तीन-चार, आई."

"बाईमाणसानं?" एवढं बोलून त्या न्हाणीघराकडे वळल्या. तळहातावर डबीतली मिशरी घेतली, बोट फिरवलं आणि पंधरा मिनिटं आरशासमोर दात घासत उभ्या राहिल्या.

मला इतका राग आला होता! तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, तिचा ठसका अख्ख्या आळीला लागतो. पण ती 'दात घासणं', आणि माझी ती 'सिगरेट'. नंतर त्या म्हणाल्याच, "आम्ही चार बाळंतपणांत लावली. पोरं धडधाकट आहेत की." त्या पोरांतलाच एक माझा नवरा, त्यामुळे वाद कुणाशी घालणार? पण हे मी डोक्यातून काढू शकले नाही आणि शोधत बसले. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेला. त्यात तंबाखू घेणाऱ्या बहुतेकजणी मिशरीवाल्याच होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. दोन अंड्यांएवढं वजन. धडधाकट बाळाला ते कळणारही नाही, पण दिवसाआधी आलेल्या, आधीच दोन किलोच्या आत असलेल्या बाळाचं काय? सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं नाही. मला त्यांना हरवायचं होतं, आणि ते मलाच कळलं.

दुसऱ्या दिवशी मात्र मी डॉक्टरबाईंकडे गेले आणि म्हटलं, फाईलमध्ये एक चूक आहे.

त्या रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या आणि 'नाही' खोडून आकडा लिहिला. तेराव्या आठवड्यात होते मी. त्यांनी सांगितलेली गोष्ट मी पुढे स्वतः वाचली. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात पंधराव्या आठवड्याच्या आत सोडणाऱ्यांची बाळं दिवसाआधी येण्याच्या किंवा कमी वाढीच्या बाबतीत कधीच न ओढणाऱ्यांच्या बाळांसारखीच निघाली होती. पंधरा उलटून गेलेल्यांनी हे वाचून हातपाय गाळू नयेत. बाळाचं वजन मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतं, तेव्हा विसाव्याला सोडलं तरी पदरात पडतंच. निकोटीनच्या गमबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, आधी तसंच करून बघा, नाही जमलं तर गम माझ्या देखरेखीखाली. सिगरेट सोडवायच्या गोळ्यांचं मात्र आत्ता नाव नको. दुकानात गम मागितला की मिळतो, म्हणून सांगते. या दिवसांत तो आपल्या मनाने घेऊ नका.

सुटली. चौदाव्या आठवड्यापासून एकही नाही. तलफ आली की घड्याळ लावायचे. चार-पाच मिनिटांत ओसरते, फक्त ती मिनिटं फार लांब असतात. नवऱ्याने घरात ओढणं बंद केलं, तो खाली पार्किंगमध्ये जायचा. डोहाळजेवणाच्या फोटोत मी धनुष्यबाण घेऊन बसलेय आणि माझ्या तोंडात लवंग आहे. नोव्हेंबरात मुलगी झाली, दोन किलो नऊशे. बाळंतिणीला धुरी देतात ना, निखाऱ्यावर ओवा-बाळंतशेपा टाकून, तेव्हा आईने मला बाजेवर झोपवलं आणि तो धूर नाकात गेल्यावर मला रडूच फुटलं. आईला वाटलं टाके दुखतायत. मला वाटत होतं, अजून एक झुरका मिळावा. ओव्याचा का असेना.

इथपर्यंत ऐकून सगळ्या म्हणतात, म्हणजे बाळामुळेच की! थांबा.

सव्वीस आठवड्यांची रजा संपवून २०१८ च्या मे महिन्यात मी कामावर गेले. पहिल्या दिवशी, अकराच्या चहाला, टपरीवाल्याने मला बघून न विचारता नेहमीची पुढे केली. मी घेतली. एवढंच झालं. कुठला ताण नव्हता की भांडण. नऊ महिन्यांच्या वर झालेलं सगळं एका चहात गेलं.

त्या रात्री मला कळलं की मी सिगरेट सोडलीच नव्हती. मी उपास धरला होता. आणि उपासाला पारणं असतंच. आपण धरतो तेव्हाच त्याची तारीख ठरलेली असते. गरोदरपणात कुणी भेटलं की म्हणायचं, "आता थोडेच दिवस!" मीही स्वतःला रोज तेच सांगत होते. गरोदरपणी सिगरेट सोडणाऱ्या बायकांतल्या निम्म्याच्या आसपास वर्षभरात परत ओढायला लागतात, हे मला खूप नंतर समजलं. दवाखान्यात नऊ महिने सगळ्यांचं लक्ष पोटाकडे. टाके निघाले की आईकडे बघायला कुणी नसतं.

पुढचे आठ-नऊ महिने सगळ्यात वाईट होते. अंगावर पाजत होते. घरी आले की आधी कुर्ता बदलायचा, कोपरापर्यंत हात धुवायचे, चूळ भरायची, मग लेकीला घ्यायचं. तरी ती केसांत नाक खुपसायचीच. पाजणं बंद करावं का, असं मी विचारलं, तर डॉक्टरबाईंचं उत्तर सरळ होतं. पाजणं बंद करू नका, सिगरेट बंद करा. आणि तोवर ओढलीच तर पाजून झाल्यावर, आधी नाही.

दुसऱ्यांदा सोडली तेव्हा कारण असं काही नव्हतंच. पोट नव्हतं, सोनोग्राफी नव्हती, कौतुकाला कुणी नव्हतं. पाकिटांवर मदतीचा नंबर छापायला लागले होते, १८००-११-२३५६. एका संध्याकाळी गाडीत बसून तो लावला. पलीकडच्या बाईंनी बाळाचं नावही काढलं नाही. विचारलं, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते? कुठे ओढता, कुणाबरोबर? तारीख कोणती धरायची? तारखेनंतर त्यांचाच फोन आला, कसं चाललंय म्हणून. मला त्या फोनची धास्ती वाटायची, आणि तीच कामाला आली. या वेळी मी 'किती दिवस' हे ठरवलंच नाही. फेब्रुवारी २०१९ पासून ओढलेली नाही. नवरा अजून ओढतो, खाली जाऊन. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

गेल्या आठवड्यात जिने विचारलं, तिला सोळावा चालू आहे, दिवसाला तीन. तिला मी दोनच गोष्टी सांगितल्या. रकाना तुझा तू भर, कुणी विचारायची वाट बघू नकोस. आणि रजा संपून ऑफिसात परत जाशील, त्या दिवशी अकराचा चहा कुठे घेणार ते आत्ताच ठरव. ती म्हणाली, तुम्ही कुठे घेता?

डेस्कवर घेते. आणि आत जाते मागच्या गेटने. सात मिनिटं जास्त चालावं लागतं, पावसाळ्यात चिखल असतो. टपरीवाला कधीमधी रस्त्यात भेटतो. लेक कितवीत गेली ते विचारतो.