आप्पांना सांगितलेली बाल्टिमोरची गोष्ट

शनिवार, रात्री साडेअकरा

'द वायर' या अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या पोलिसांवरच्या मालिकेचा दुसरा सीझन आज लावला. पहिला मागच्या उन्हाळ्यात संपवला, तोही मध्ये दोनदा सोडून, कारण कोण कुणाचा साहेब हेच चार-पाच भाग कळत नव्हतं. लेक पुण्याला जाताना तिचा जुना लॅपटॉप ठेवून गेलीय, त्यावर बघतो. बोलणं निम्मं कळतं, बाकीचं खालची अक्षरं वाचून. सीझन 2003 चा, बारा भागांचा. लिहिणारा डेव्हिड सायमन आधी बाल्टिमोरच्या पेपरात बातमीदार होता आणि जोडीदार एड बर्न्स तिथल्याच पोलिसात डिटेक्टिव्ह. म्हणूनच यातले पोलीस खुर्चीत बसून फॉर्म भरताना जास्त दिसतात आणि पळताना कमी.

पहिल्या सीझनमध्ये वरिष्ठांच्या डोक्याला ताप दिलेला डिटेक्टिव्ह मॅकनल्टी आता शिक्षा म्हणून बंदरातल्या गस्तीच्या बोटीवर. पहिल्याच सीनमध्ये बोट एका पोलाद कारखान्याच्या समोरून जाते. माझा बाप इथं कामाला होता, असं तो सोबत्याला सांगतो. 73 साली काढलं. सोबत्याच्या काकाला 78 साली. संपलं. कुणी उसासा टाकत नाही, बोट पुढं जाते.

मी तिथंच थांबवलं. आप्पा, माझे वडील, बाजेवर जागे होते. लाईट आत्ताच आली होती, पण अंग अजून चिकट.

"काय बघतोस रे?"

"अमेरिकेतले पोलीस आहेत, आप्पा."

"दार तोडतेत का?"

आप्पांच्या लेखी पोलिसांची मालिका म्हणजे 'सीआयडी'. दयानं दार तोडलं की त्यांचा आत्मा शांत. म्हटलं, इथं दार नाही, बोट आहे. आणि कारखान्याचं सांगितलं.

"73 ला?" जरा वेळानं म्हणाले, "आपल्याकडं तवा तिन्ही पाळ्या चालू होत्या."

रविवार

दोन भाग. आप्पांना दुपारी जेवताना सांगितले. कडक भाकरी मोडत ऐकत होते.

मॅकनल्टीला पाण्यात एका बाईचं प्रेत सापडतं. वरिष्ठ साहेब, रॉल्स, काय करतो? ते प्रेत शेजारच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गळ्यात मारतो. हद्द आपली नाही. मॅकनल्टी खवळून भरती-ओहोटीची कोष्टकं आणि वाऱ्याची दिशा घेऊन बसतो आणि सिद्ध करतो की बाई पाण्यात पडली ती जागा शहराच्याच हद्दीत. हे त्या बाईसाठी नाही हं, रॉल्सचा सूड म्हणून. न उलगडलेला खून त्याच्या खात्यावर चढवायला.

आप्पा इतके हसले की ठसका लागला. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. सोलापुरात शहर आयुक्तालय वेगळं, ग्रामीण एसपी वेगळे. आयुष्यात एकदा तरी मोटरसायकल चोरीला गेलेल्या माणसाला हद्द म्हणजे काय हे माहीत असतं. आमची गेली तेव्हा मी एका दुपारी तीन ठिकाणी बसून आलो होतो. कुठली ठाणी ते सोडा.

"पुढं?"

पुढं बंदरावरच्या कंटेनरमध्ये तेरा बायका मेलेल्या सापडतात. तेही आधी अपघात म्हणून मिटवायला बघतात. हवेची नळी ठेचली गेली, गुदमरल्या, झालं. आणि पुन्हा मॅकनल्टी.

इथं आप्पांनी हसणं थांबवलं. मीही सांगणं थांबवलं, कारण उद्या आमच्याकडं कंटेनर लागणार होता आणि ते माझ्या डोक्यात यायला लागलं होतं.

सोमवार

चाळीस फुटी लागला. सकाळी नऊला, न्हावा शेव्याहून रिकामा.

मी टॉवेलच्या कारखान्यात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, डिस्पॅचला. रिकामा कंटेनर आला की माल भरण्याआधी तपासायचा, हे गेली अकरा वर्षं माझं काम. आत जायचं, हेल्पर पोरगं बाहेरून दोन्ही दारं लोटतं, आणि आत अंधारात उभं राहून बघायचं की कुठून उजेड येतो का. टाचणीएवढं भोक असलं तरी ताऱ्यासारखं चमकतं. उजेड आला म्हणजे पाणी येणार, पाणी आलं म्हणजे टॉवेलला बुरशी आणि तिकडून पैसे कापल्याची डेबिट नोट. एरवी हे काम मिनिटभराचं. छत, दोन्ही भिंती, दाराचं रबर, खालच्या फळ्या. मग पत्र्यावर दोन थापा मारायच्या, पोरगं दार उघडतं.

आज बाहेर 43 होतं. आत किती असेल ते मोजायला आमच्याकडं काही नाही. पत्र्याला हात लागला तर माणूस हात झटकतो. आत रंगाचा आणि कुठल्यातरी जुन्या मालाचा वास होता, मसाल्याचा असावा. मी नेहमीसारखा छताकडं बघायला लागलो आणि एकदम लक्षात आलं की मी उजेड दिसू नये म्हणून बघतोय.

थापा मारल्या. पोरगं फोनवर बोलत होतं. दोन-तीन सेकंद गेले असतील.

"काय बे, ऐकू येत नाय का?" मी ओरडलो. त्याला कळेना साहेब आज का चिडले.

संध्याकाळी माल भरून झाला, दाराला बॉटल सील मारलं (ते तोडल्याशिवाय दार उघडत नाही), नंबर पॅकिंग लिस्टवर लिहिला, फोटो काढला. मालिकेत बंदर पोलिसातली ती बीडी रसेल (काम करणारी एमी रायन, अगदी आपल्या ऑफिसातली बाई वाटते) नेमकी सीलमुळंच थांबते. रांगेत शेकडो डबे, आणि एकाचं सील तुटलेलं. ती काही मोठी डिटेक्टिव्ह नाही. दोन पोरं आहेत, पगार बरा म्हणून ही नोकरी धरलेली. पण सील बघायचं काम तिचं, आणि ती ते बघते.

रात्री मालिका लावली नाही.

बुधवार

आज आप्पांनीच विचारलं, बंदराचं काय झालं म्हणून.

हमालांच्या युनियनचं सांगितलं. बंदरात जहाजं कमी झालीत, काम थोडं, माणसं जास्त. ज्याची नोकरी जुनी त्याला आधी काम. निक सोबोटका तरणाताठा, पण नोकरी नवी, त्यामुळं महिन्यात मोजके दिवस हाताला लागतात. पोरगी आहे, लग्न करायचंय, घर घ्यायचंय. राहतो आई-बापाच्या तळघरात.

"बदली," आप्पा म्हणाले.

होय की. मला हा शब्द सुचलाच नव्हता. आप्पांची मिलमधली पहिली कितीतरी वर्षं बदलीत गेली. पाळीच्या आधी फाटकावर उभं राहायचं, कायम कामगारातला कुणी आला नाही तर जॉबर, म्हणजे मुकादम, बोट दाखवणार. नाही दाखवलं तर डबा तसाच परत. आई म्हणायची, भरलेला डबा परत आला की मला डब्याच्या वजनावरून दारातच कळायचं. जॉबरच्या घरच्या लग्नात आप्पांनी पंक्ती वाढल्यात, तेही त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं. निकचा काका फ्रँक हा युनियनचा खजिनदार, त्यामुळं निकला तेवढी तरी ओळख. आप्पांना तीही नव्हती.

ज्यांनी सोलापूर आत्ता बघितलं त्यांना हे खोटं वाटेल, पण या गावाची घड्याळं मिलच्या भोंग्यावर लावली जायची. जुनी मिल 1877 च्या सुमारास मुरारजी गोकुळदासांनी काढली, मग एकेक वाढत गेल्या. आता जुनी मिल कंपाऊंड म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता.

गुरुवार

आजचं फार गंमतीचं. या सगळ्या तपासाची सुरुवात कशावरून होते? चर्चच्या खिडकीवरून.

व्हालचेक नावाचा पोलीस अधिकारी, पोलिश. फ्रँकही पोलिश. दोघांचं चर्च एक. व्हालचेकला पोलीस आणि अग्निशामकवाल्यांच्या नावानं रंगीत काचेची खिडकी बसवायची असते, तर मोक्याच्या जागी फ्रँकच्या युनियननं आधीच त्यांची बसवलेली. एवढ्यावरून हा बाबा फ्रँकच्या मागं पथक लावतो. एवढ्याशा युनियनकडं इतका पैसा आला कुठून, हा त्याचा प्रश्न. गंमत म्हणजे प्रश्न बरोबर निघतो.

आप्पांनी विचारलं, खिडकीवर नाव असतं का?

"युनियनचं चित्र असतं."

"मग तसंच की. आपल्या देवळात पंख्याच्या पात्यावर नाव असतंय. पंखा चालू केला की वाचता येत नाय, म्हणून ते उन्हाळ्यातबी बंद ठेवायचं म्हणत होते एक जण."

हे खरं आहे. नाव सांगत नाही.

पुढं युनियनची पोरं व्हालचेकची टेहळणीची व्हॅनच पळवतात आणि कंटेनरमध्ये घालून जहाजावर चढवतात. मग जगातल्या एकेका बंदरातून त्या व्हॅनचे फोटो व्हालचेकला टपालानं येत राहतात. आप्पांना हे दोनदा सांगावं लागलं, ऐकू आलं नाही म्हणून नव्हे.

फ्रँकच्या पोराचं, झिगीचं, मात्र मी निम्मं गाळतो. बदकाला हार घालून गुत्त्यात दारू पाजणारा हा कार्टा मला सहनच होत नाही. तुरुंगातलं कथानकही गाळलं, ते पहिल्या सीझनचं देणं आहे.

शनिवार

आज भांडण झालं. म्हणजे आवाज चढले.

फ्रँक चोर आहे का, यावरून. तो पैसे घेतो हे खरं. 'ग्रीक' म्हणवणाऱ्या तस्कराचे ठरावीक डबे यार्डातून हळूच बाहेर जाऊ देतो. कॉम्प्युटरवर त्यांची नोंदच हरवते. पण पैसे तो घरी नेत नाही. राजकारण्यांना वाटतो, का तर कालवा खोल व्हावा, धान्याचा धक्का पुन्हा चालू व्हावा, जहाजं यावीत, पोरांना हजेरी मिळावी.

"घरी नेले नाय ना? मग चोर कसला?"

"आप्पा, त्या डब्यात बायका होत्या."

"त्याला माहीत होतं?"

"नव्हतं. आत काय आहे ते तो विचारायचाच नाही."

"विचारून काय करणार? सांगणार होते का त्याला?"

"तेरा बायका मेल्या, आप्पा."

मी जरा जोरातच बोललो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, शेजारी ऐकतायत.

आप्पा उठून बसले. मग जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतोय.

शेवटच्या वर्षात दम्यामुळं त्यांना साच्यांवरून, म्हणजे मागांवरून, काढून गेटवर बसवलं होतं. रजिस्टरात तीन रकाने: वेळ, गाडी नंबर, माल. रात्रपाळीला एक ट्रक यायचा. मालाच्या रकान्यात 'भंगार' लिहायचं, असा वरून निरोप होता. एका रात्री वाऱ्यानं ताडपत्रीचं टोक उडालं. खाली धोट्यांच्या पेट्या (धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा नेणारा). न उघडलेल्या, कागद तसाच, नवे कोरे धोटे. मिलमध्ये तेव्हा धोटे नाहीत म्हणून साचे बंद ठेवत होते आणि माणसांना परत पाठवत होते.

"मग?"

"मग काय. भंगार लिव्हलं."

"कुणाला सांगितलं नाही?"

"तुझी दहावी होती."

मिल त्यानंतर फार काळ चालली नाही. भोंगा बंद झाला तो दिवस मला आठवतो, पण धोट्यांचं मी आज पहिल्यांदा ऐकलं. जवळजवळ तीस वर्षांनी, तेही एका अमेरिकन हमालाची बाजू घेताना.

रविवार, पहाटे

रात्री शेवटचे दोन भाग संपवले, एकट्यानं. ग्रीक निसटतो. तो ग्रीकही नसतो. त्याला आतून खबर जाते. फ्रँकचं प्रेत बंदराच्या पाण्यात सापडतं, अगदी त्या पहिल्या बाईसारखं. धान्याच्या धक्क्यावर इमारती उठणार, त्याच्या समारंभाला नेतेमंडळी हसत उभी आणि कुंपणाबाहेरून निक बघतोय. आणि त्या पाण्यातल्या बाईचं नाव मॅकनल्टीला मिळत नाही. मधले काही भाग तो खरंच धडपडतो, पण मिळत नाही. एक तक्रार मात्र आहे: बारा भागांत हमालांची घरं, गुत्ते, भांडणं सगळं दाखवलं, त्या बायका कोण होत्या याला लिहिणाऱ्यांनीही फारशी जागा दिली नाही. आकडाच राहिला. तेरा अधिक एक.

साडेचारला नळाला पाणी आलं. आज पाचवा दिवस. आप्पा माझ्या आधी उठून पाईप लावून बसले होते. बॅरल भरत आलं तसं म्हणाले, "संपलं का ते?"

"संपलं."

"युनियनवाला?"

"मारला त्याला."

त्यांनी पाईप दुसऱ्या बॅरलमध्ये टाकला.

"त्या ट्रकचा नंबर मला अजून पाठ आहे," म्हणाले, आणि सांगितला. मी घागरी आत नेत होतो, शेवटचे दोन आकडे पाण्याच्या आवाजात नीट ऐकू आले नाहीत. परत विचारायचं होतं. तेवढ्यात दाब कमी झाला म्हणून मी मोटर लावायला पळालो.