पाकिटावरचा पत्ता आणि आतला मायना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतंच. कधी टीममध्ये नव्याने आलेला मुलगा, तर कधी प्रिंटरच्या देखभालीचं बिल हातात घेऊन आलेले मॅनेजर. "मेनफ्रेमवरचा रिपोर्ट प्रिंटरवर न काढता सरळ ईमेलने पाठवता येतो का? आणि येत असेल, तर त्याला तीन आठवडे कशाला लागतात?"

येतो. प्रश्नाचा पहिला भाग जेसीएलच्या (मेनफ्रेमला, म्हणजे कंपनीच्या मोठ्या संगणकाला, काम कसं चालवायचं ते सांगणारी भाषा) दहा-बारा ओळींत संपतो. तीन आठवडे जातात ते प्रिंटर आजवर गुपचूप काय काय सांभाळत होता ते शोधण्यात.

आधी सोपा भाग. मेनफ्रेमवर प्रोग्राम सहसा थेट प्रिंटरशी बोलतच नाही. तो लिहितो सिसआउटमध्ये (छापायच्या आउटपुटची वाट), सिसआउट जाऊन बसतं स्पूलवर (आउटपुट थांबून राहतं ती डिस्कवरची रांग), आणि स्पूल सांभाळतं जेस-टू, म्हणजे जॉब आणि त्यांचं आउटपुट हाताळणारी प्रणाली. त्याचा पूर्वज हॅस्प. नावातला 'एच' म्हणजे ह्यूस्टन, कारण १९६०च्या दशकात तो तिथे नासाच्या कामासाठी उभा राहिला. जेस-टूचे संदेश आजही डॉलर-हॅस्पनेच सुरू होतात. रोज ते वाचणाऱ्या निम्म्या लोकांना ते का, हे माहीत नसतं. असो. मुद्दा असा, की स्पूलवरचं आउटपुट कोण उचलणार हे प्रोग्रामला कळतही नाही. सिसआउटमध्ये क्लासच्या (आउटपुटच्या वर्गाच्या) पुढे रायटरचं, म्हणजे उचलणाऱ्याचं, नाव द्यायचं, आणि त्या नावाचं जे काही चालू असेल ते येऊन उचलतं. तिथे मेल पाठवणाऱ्या टास्कचं, म्हणजे सतत चालू असलेल्या प्रोग्रामचं, नाव दिलं की झालं. हल्ली ही टास्क म्हणजे सीएसएसएमटीपी. जुनी एसएमटीपीडी झेड ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २.३ आवृत्तीपासून गेली. नवी फक्त पाठवते, घेत नाही. स्पूलवरून पत्र उचलून तुमच्या मेल सर्व्हरच्या हवाली करते. रिपोर्ट काढणारा कोबॉल प्रोग्राम वीस वर्षांत कोणी उघडलेला नसला तरी त्यातलं एक अक्षर बदलावं लागत नाही. शेवटी आयईबीजेनरची, म्हणजे कॉपी करणाऱ्या तयार प्रोग्रामची, एक स्टेप जोडायची: पुढे पत्राच्या ओळी, मागे रिपोर्ट, दोन्ही मिळून सिसआउटवर.

पत्राच्या ओळी म्हणजे साधं एसएमटीपी, मेल पाठवताना दोन यंत्रांनी बोलायची भाषा, १९८२च्या आरएफसी ८२१ या दस्तऐवजात ठरलेली. हेलो, मेल फ्रॉम (कोणाकडून), आरसीपीटी टू (कोणाला), डेटा. त्याखाली फ्रॉम, टू आणि सब्जेक्ट. मग एक पूर्ण कोरी ओळ, मजकूर, एकटं टिंब, क्विट. ती कोरी ओळ विसरलात तर मजकूर हेडरमध्ये घुसतो आणि मेल रिकामा दिसतो. याहून जास्त वेळ माझा आणखी एका गोष्टीने खाल्लाय. एडिटरमध्ये नंबर चालू राहिले असतील तर ७३ ते ८० या रकान्यांत ओळीचे क्रमांक बसतात. जेसीएलला त्याचं काही वाटत नाही, ते ७२च्या पलीकडे बघतच नाही. पण पत्राच्या ओळी जेसीएल नसतात, त्या डेटा असतात. मेलची टास्क पूर्ण ८० अक्षरं वाचते, पत्त्याच्या पुढे '००००१४००' बघते आणि अडते. पत्ता बरोबर, सर्व्हर बरोबर, स्क्रीनवर सगळं व्यवस्थित, कारण मी उजवीकडे स्क्रोल केलेलंच नसतं. नव्या मुलांना मी आधी 'नंबर बंद' शिकवतो, जेसीएल नंतर.

पहिला रिपोर्ट असा पाठवला तेव्हा मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी हिशेब विभागातल्या बाईंचा फोन. "अहो, तुमची सगळी पानं एक नंबरचीच आहेत. आणि वर कंपनीचं नाव तीनदा का आलंय?"

दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. रिपोर्टची ओळ १३३ अक्षरांची असते: १३२ छापायची आणि पहिलं प्रिंटरसाठी. त्या पहिल्या रकान्यात १ असेल तर नवं पान, ० असेल तर एक ओळ सोडून, वजा असेल तर दोन ओळी सोडून, रिकामा असेल तर पुढची ओळ. प्रिंटर हे चिन्ह वाचायचा, पाळायचा आणि छापायचा नाही. मेलला त्यातलं काही कळत नाही. त्यामुळे प्रत्येक पानाच्या माथ्यावर १ आला, आणि बाईंनी तो पानाचा क्रमांक समजून वाचला. त्यांची काय चूक? तीनदा आलेल्या नावामागे अधिकचं चिन्ह होतं. अधिक म्हणजे कागद न सरकवता त्याच ओळीवर पुन्हा छाप. एकाच जागी तीनदा छापलं की नाव ठळक दिसायचं. हातोडीने शाईच्या फितीवर ठोकणाऱ्या यंत्रावर ठळक अक्षर काढायची हीच रीत होती. आयबीएमचा १४०३ हा प्रिंटर १९५९ मध्ये आला, मिनिटाला ६०० ओळी छापायचा. आपण आज पाठवतो तो रिपोर्ट मनाने अजून त्याच्यासमोर उभा आहे.

म्हणून रिपोर्ट मेलच्या मजकुरात ओतायचा नाही, हे माझं ठाम मत. एक तर ती चिन्हं, दुसरं म्हणजे १३२ रकाने मेलच्या खिडकीत मावत नाहीत, मोडून खाली येतात. त्यात अक्षरं कमी-जास्त रुंदीची असली की आकड्यांखाली आकडे राहत नाहीत. लाखाचा आकडा हजारांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. पहिला रकाना पाळून पीडीएफ करायचा आणि तो जोडायचा. त्याचा हिशेब एकदा मी कागदावर मांडला होता. कुरिअरचं अक्षर आपल्या आकाराच्या ०.६ पट रुंद असतं. ८ पॉइंटला ४.८ पॉइंट, गुणिले १३२, म्हणजे साधारण ६३४. ए-फोर आडवा धरला तर ८४२ रुंद आणि ५९५ उंच. उंचीत ६६ ओळी, प्रत्येकी ८ पॉइंट, म्हणजे ५२८. बसतं, आणि चारी बाजूंनी समासही उरतो. ९ पॉइंटला रुंदीत बसतं, पण उंचीत ६६ ओळींचे ५९४ होतात, म्हणजे समास शून्य. "अक्षर थोडं मोठं करा ना" असं कोणी म्हणालं की मी हा कागद पुढे करतो.

अक्षरसंचाचा गोंधळ वेगळा. एबसिडिकमधून (मेनफ्रेमचा अक्षरसंच) आस्कीत (बाकीच्या संगणकांचा) जाताना आकडे आणि अक्षरं सुखरूप पोचतात. चौकटी कंस मात्र एबसिडिकच्याच कोडपेज (कोणत्या अक्षराला कोणता अंक, याचा तक्ता) ०३७ मध्ये एका जागी आणि १०४७ मध्ये दुसऱ्या. दोन्ही टोकांना एकच कोडपेज सांगायचं, विषय संपला.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी पाठवण्याआधी तीनदा बघतो. एका रिपोर्टचा क्रम बदलायचा होता. प्रॉडक्शनच्या जॉबची कॉपी केली, टेस्टचा डेटा जोडला आणि पत्राच्या 'टू'च्या ओळीत माझा पत्ता घातला. सबमिट. मेल आला, वर घेणारा म्हणून माझं एकट्याचं नाव. छान. दहा मिनिटांत फोन वाजायला लागले. खोटी नावं, खोट्या रकमा, काही ठिकाणी नुसते नऊ-नऊ-नऊ असलेला रिपोर्ट बेचाळीस जणांकडे गेला होता. त्यात बाहेरचेही होते.

झालं असं, की 'टू'ची ओळ म्हणजे आतल्या पत्राचा मायना. पोस्टमन मायना वाचत नाही, पाकीट वाचतो. पाकिटावरचे पत्ते वर होते, डेटाच्या आधी, आरसीपीटीच्या बेचाळीस ओळींत (त्यांत एक माझीही होती), आणि त्यांना मी हात लावला नव्हता. प्रत्येकाला आलेल्या मेलवर माझंच नाव दिसत होतं, त्यामुळे कितीतरी जणांना वाटलं की माझा खासगी मेल चुकून त्यांच्याकडे वळला. त्यांना मी ते किती वेळ समजावत होतो, विचारू नका.

प्रिंटर असता तर? टेस्टचा कागद बाहेर पडला असता, ऑपरेटरने वरचं बॅनर पान बघितलं असतं, "हे काय टेस्ट सोडलंय" म्हणून रद्दीच्या खोक्यात टाकलं असतं. खोलीला कुलूप होतं. कागद बाहेर जायचा तर एका माणसाच्या हातून जायचा. तो माणूस आपण प्रिंटरबरोबर काढून टाकला आणि त्याचं काम कोणाकडे दिलं नाही. आता टेस्टमधून निघणारे मेल वेगळ्या रायटरकडे जातात, आणि तो रायटर बाहेरच्या सर्व्हरला जोडलेलाच नाही.

त्या माणसाचं आणखी एक काम होतं. कागद संपला की यंत्र थांबायचं आणि तो धावायचा. मेलच्या बाबतीत जॉब शून्य रिटर्न कोडने संपतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण शून्याचा अर्थ एवढाच, की पत्र स्पूलवर पडलं. पुढे सर्व्हरने नाकारलं, कोणी नोकरी सोडून गेल्यामुळे पत्ता बंद झाला, तर जॉबला ते कळायला मार्ग नाही. न पोचलेलं पत्र परत येतं ते मेल फ्रॉमच्या पत्त्यावर. तिथे कोणी वाचतच नाही असा पत्ता टाकायची फॅशन आहे. कृपा करून टाकू नका.

मोठ्या रिपोर्टचं थोडक्यात सांगतो. ४,००० पानं म्हणजे ओळी २ लाख ६४ हजार आणि अक्षरं सुमारे साडेतीन कोटी. जोडणी म्हणून पाठवताना बेस-६४ मुळे (फाइल साध्या अक्षरांत बदलायची रीत) त्यावर आणखी एक तृतीयांश चढतं. कुठलाही समजूतदार मेल सर्व्हर ते घेणार नाही. झिप केल्यावर पुष्कळ आटतं, कारण त्यातलं बरंचसं रिकामी जागाच असते. पण खरा प्रश्न हा, की ४,००० पानं एकाच माणसाला कशाला? छापत होतो तेव्हा ऑपरेटर विभागवार पानं फाडून वेगवेगळ्या खणांत ठेवायचे. ते फाडणं आता आपण लिहायचं असतं, आणि तीन आठवड्यांतला एक आठवडा तिथे जातो, कारण कोणता विभाग कुठे संपतो हे ऑपरेटरांना पाठ होतं आणि कुठेही लिहिलेलं नव्हतं.

रिकाम्या रिपोर्टचंही ठरवा. नोंदी नसतील त्या दिवशी मेल नको, असं सगळे म्हणतात. मी तरी पाठवतो, "आज नोंदी नाहीत" एवढाच. नाहीतर मेल आला नाही याचा अर्थ काहीच नव्हतं की काहीतरी मोडलं, हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि त्या बेचाळीस पत्त्यांच्या दिवसापासून प्रत्येक जॉबमध्ये मी एक ओळ घालतो. आरसीपीटीत माझा पत्ता, मायन्यात नाही. रात्रीतून ३१ मेल एका फोल्डरमध्ये येऊन पडतात. मी एकही उघडत नाही, सकाळी फक्त मोजतो. आज ३० होते, म्हणून तुम्हाला उत्तर द्यायला दुपार झाली.